कागदावरची नऊ वर्षं

गाठ नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण जो भेटतो तो पहिलं तेच विचारतो, "गाठ केवढी होती हो?" नव्हती. दाबून पाहिलं तरी हाताला काही लागत नव्हतं, दुखत नव्हतं, लाल झालेलं नव्हतं. फक्त डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, कातडी एवढीशी आत गेली होती. मऊ कणकेवर बोट हलकं टेकवून उचलावं, इतकीच.

दुसरीला ती खळी दिसली नसती. मला दिसली, कारण पन्नास वर्षं मी रफूचं काम करते. कोटाला भोक पडलं, पँट खिळ्याला अडकली, लोकरीला कसर लागली, की लोक माझ्या दुकानात येतात. मी त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढते आणि उभा-आडवा असा भरते की मालकाला नंतर भोक कुठे होतं ते शोधून सापडत नाही. या कामात एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळते. कधी कधी कापडाला वरून काही झालेलं नसतं, पण आत एखादा धागा ओढला गेलेला असतो. तेव्हा वर एक बारीक खड्डा पडतो आणि तो फक्त तिरक्या उजेडात दिसतो. त्या दिवशी आंघोळ करून आरशासमोर उभी राहिले, केस बांधायला हात वर केला, खिडकीतून उजेड तिरका येत होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई, हा तर आतून ओढलाय."

सुनेला दाखवलं. ती म्हणाली, "आई, काही दिसत नाही मला." पण पोरगी शहाणी, दुसऱ्या दिवशी मला तपासायला घेऊन गेली. तिथे छाती दोन पाट्यांमध्ये दाबून फोटो काढला. फोटो पाहून तिथला माणूस म्हणाला, "स्वच्छ आहे, आजी. जा घरी."

"आजी कोणाला म्हणतोस? आणि स्वच्छ असेल तुझा फोटो," मी म्हटलं. "कापड कुठे ओढलंय ते मला शिकवू नकोस. दुसऱ्या कुठल्या मशीनने बघ."

सून शरमेने भिंतीकडे बघायला लागली. पण त्यांनी दुसऱ्या मशीनने पाहिलं, मग तिसऱ्या, मग सुई घालून धाग्याएवढा तुकडा काढला. तो तुकडा खोटं बोलला नाही. खोटं मी बोलत होते, आणि ते आता सांगायला हवं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. वडील लवकर गेलेले, पाठची दोन भावंडं मोठी करायची, म्हणून चौथीत शाळा सुटली आणि पुढे मी रफूच्या दुकानात बसले. वर्षं कुठे गेली ते कळलं नाही. स्थळ चांगलं आलं, पण त्यांना पंचविशीच्या आतली हवी होती. माझा जन्माचा दाखला कधीच हरवलेला. नवा काढायला आई मला कचेरीत घेऊन गेली. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "वय?" आई तितक्याच शांतपणे म्हणाली, "बावीस." त्याने लिहिलं, शिक्का मारला. त्याने एकदा जरी वर पाहिलं असतं, तरी माझं आयुष्य वेगळं झालं असतं. एका ठोक्यात नऊ वर्षं गेली.

नवऱ्याला कधी कळलं नाही. भला माणूस होता, सहा वर्षांपूर्वी गेला, तोही मला नऊ वर्षांनी लहान समजूनच. पण नणंद! लग्नाच्याच दिवशी ती मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "बावीसच्या मानाने पोक्त दिसते हो." ती तेव्हा अठ्ठावीसची. म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी लहान. पण कागद म्हणत होता मी लहान, म्हणून मी तिला अहो-जाहो करायचं, वन्सं म्हणायचं, आणि तिने मला अगं-तुगं करायचं. तिने लग्न केलं नाही, कारण कोणाचं ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती. आमच्याच घरात राहिली, माझ्याच दुकानाच्या गल्ल्यावर बसली. बत्तीस वर्षं गरम पाण्याची पहिली बादली तिची, खिडकीजवळची खुर्ची तिची, आणि कुठलाही वाद निघाला की शेवटचं वाक्य तिचं: "मी मोठी आहे, तुला काय कळतंय?"

मी गिळत आले. माझ्यासारखी बाई, जिच्या तोंडाला गिऱ्हाइकं टरकतात, ती घरात एका तीन वर्षांनी धाकट्या बाईसमोर मान खाली घालायची. शिक्का बोलला तर बोलला.

आणि दिसण्याचं काय करायचं? नऊ वर्षं कागदावरून जातात, तोंडावरून जात नाहीत. थोरला झाला तेव्हा मी तेहतिशीची होते. नर्स म्हणाली, "चोवीसची पोर आणि इतकी दमते?" पुढे केस पिकले, तर वन्सं सगळ्यांना सांगायच्या, "कष्टाने लवकर थकली बिचारी." बिचारी! मला. मग मी एक्कावन्नची झाले, कागदावर बेचाळीस, आणि पाळी थांबली. अंगातून वाफा निघायच्या. कानशिलं तापायची. मी घाबरले. मृत्यूला नव्हे, वन्संना. म्हटलं, हिला कळलं की बेचाळिसाव्या वर्षीच थांबली, तर ही बोटं मोजायला बसेल.

एका डॉक्टरकडे गेले. ती म्हातारी, प्रेमळ होती. कागदावरचं वय वाचून तिला वाईट वाटलं. "फार लवकर गेली हो तुमची. हाडं ठिसूळ होतील. या गोळ्या घ्या, पन्नाशीपर्यंत. निसर्गाने लवकर थांबवलंय, आपण जरा पुढे नेऊ." हार्मोनच्या गोळ्या होत्या. महिन्यातले काही दिवस एक रंग, काही दिवस दुसरा. आणि काय सांगू, पाळी परत आली! वाफा गेल्या. दर महिन्याला ठरल्या दिवशी. मी तर पॅडचं पाकीट मुद्दाम न्हाणीघरातल्या फळीवर पुढे ठेवायला लागले, वन्संना दिसावं म्हणून. त्यांची स्वतःची गेली तेव्हा त्या माझ्या पाकिटाकडे असं बघायच्या की मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

कागदावर पन्नास उलटली, तेव्हा ती डॉक्टर म्हणाली, "आता बंद करा." मी हो म्हटलं आणि केल्या नाहीत. जुनी चिठ्ठी औषधाच्या दुकानात दाखवत राहिले. गोळ्या सुयांच्या डब्यात ठेवायचे, तिथे कोणी हात घालत नाही. सगळी मिळून बारा वर्षं. हा गुन्हा म्हणा, खुळेपणा म्हणा, माझा आहे. दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

तर तुकड्याचा निकाल आला. सुनेला कामावरून सुट्टी नव्हती, म्हणून वन्सं बरोबर आल्या. मी नको म्हटलं होतं. "मी मोठी आहे," त्या म्हणाल्या आणि चपला घातल्या.

डॉक्टरीणबाई माझ्या सुनेहूनही लहान. पण बोलणं सरळ, मला आवडली. तिने कागदावर द्राक्षाच्या घोसासारखं काहीतरी काढलं. "दूध जिथे तयार होतं त्या इवल्या पिशव्या या. तुमचा कॅन्सर इथे सुरू झालाय. लोब्युलर म्हणतात. हा दुसऱ्यांसारखा गोळा होऊन बसत नाही. पेशी सुट्या सुट्या होऊन रांगेने आत शिरतात. म्हणून हाताला लागत नाही, फोटोत चुकतो. तुम्हाला कसा कळला?"

"दिसला," मी म्हटलं, आणि वन्संकडे पाहिलं. त्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

"लवकर आणलात. पुढे पसरल्याची खूण दिसत नाही. बरं होण्यासारखं आहे." मग तिने माझा कागद ओढला. "आता काही विचारते, नीट सांगा. या प्रकारात वय आणि हार्मोन, दोन्हींचा हात असतो. साधारण साठीच्या पुढे हा जास्त दिसतो. पहिली पाळी फार लवकर आली, शेवटची फार उशिरा गेली, पहिलं मूल तिशीनंतर झालं, किंवा पाळी गेल्यावर बरीच वर्षं हार्मोनच्या गोळ्या घेतल्या, तर शक्यता वाढते. तुमचं काय?"

ती एकेक बोट मिटत होती आणि मी मनात आपली बोटं मोजत होते. साठीच्या पुढे, मी. तिशीनंतर मूल, मी. गोळ्या, मी. या मुलीने मला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेलं, आणि माझ्या आईने बत्तीस वर्षांपूर्वी जे गाडून टाकलं ते हिच्या पुस्तकात छापलेलं होतं.

"वय चौपन्न," मी म्हटलं. "पहिलं मूल चोवीसला."

"पाळी?"

"चालू आहे."

"गोळ्या?"

"कसल्याच नाहीत."

तिने पेन खाली ठेवलं. "मग एक गोष्ट जुळत नाही. तुमच्या पोटाची सोनोग्राफी केली ना? अंडाशयं अगदी लहान, सुकलेली दिसतायत. बरीच वर्षं थांबलेल्या बाईची असावीत तशी. रक्तातला आकडा मात्र मधलाच काहीतरी येतोय. पाळी चालूच आहे ना? नक्की?"

मी उत्तर द्यायच्या आत वन्सं पुढे सरसावल्या. "चालू आहे हो! पॅड मीच आणते तिची. चौपन्नची आहे, लहान आहे अजून."

काय म्हणावं? बत्तीस वर्षांत ती बाई पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलली, आणि तेही नेमकं नको तिथे.

"बरं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "मग मला हे असं करावं लागेल. तुमच्या कॅन्सरला हार्मोन लागतं, ते तोडायचं. त्यासाठी एक चांगली गोळी आहे, रोज एक, पाच वर्षं तरी. पण ती पाळी गेलेल्या बाईलाच उपयोगी. अंडाशयं चालू असली तर ती एकटी पुरत नाही, आधी अंडाशयं बंद करावी लागतात. तुमचं मला कळत नाही, त्यामुळे धोका पत्करत नाही. छातीच्या ऑपरेशनच्या वेळीच अंडाशयंही काढून टाकू."

म्हणजे माझ्या खोट्यापायी माझं पोट उघडणार. बारा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या यंत्राला बंद करायला. मला सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि शेजारी खुर्चीत वन्संची पर्स गच्च धरलेली बोटं दिसली. तोंडातून भलतंच आलं.

"मला आधी ते दाखवा."

"काय?"

"तो तुकडा. रांगेने चालतात म्हणालात ना? मला बघायचंय."

ती हसली. मग हसली नाही. फोन उचलला आणि खाली कोणाशी तरी बोलली. "जा. खालच्या मजल्यावर, शेवटचं दार." वन्सं म्हणाल्या, "मला रक्तबिक्त बघवत नाही," आणि बाकावर बसून राहिल्या. मी एकटीच उतरले.

खालच्या खोलीत टेबलावर काचेच्या पट्ट्यांच्या चळती. माझ्याच वयाची एक बाई, खऱ्या वयाची म्हणते, दुर्बिणीवर वाकलेली. तिचं काम हेच, काचेवर ठेवलेले तुकडे बघून नाव सांगणं. मी तिला मनात काचवाल्या बाई म्हणून टाकलं.

"इथे पेशंट येत नाहीत सहसा," ती म्हणाली.

"कापड माझं आहे. रफूवाली आहे मी. बघितल्याशिवाय कोणाच्या हातात देत नाही."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, खुर्ची सरकवली. त्या दुर्बिणीला दोन माणसांनी एकदम बघायची सोय होती. "डोळा लावा. मिचकावू नका. मी फिरवते."

आधी नुसतं धुकं. मग एकदम स्वच्छ झालं.

गुलाबी कापड होतं. खरोखरच कापड. बारीक धागे, लाटेसारखे, शेजारी शेजारी, किती तलम ते मी सांगू शकत नाही. मी रेशीम पाहिलंय, मलमल पाहिली, असलं विणलेलं पाहिलं नाही. हे माझ्या अंगात होतं, चौपन्न म्हणा, त्रेसष्ट म्हणा, एवढी वर्षं माझ्या पदराखाली, आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. आणि त्या धाग्यांमधून जांभळ्या ठिपक्यांची एक ओळ निघाली होती. एकामागे एक. एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा, मध्ये अंतर नाही, शेजारी कोणी नाही. दोन धाग्यांच्या मधून ती ओळ जात होती आणि एकही धागा तुटलेला नव्हता. धागा वळला की ओळ वळायची. पुढे दुधाची एक नळी होती, तिच्याभोवती ओळी गोल गोल फिरल्या होत्या, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. कुठे गुंता नाही. कुठे गाठ नाही. सुरुवात कुठे, शेवट कुठे, काही दिसत नव्हतं.

चाळीस वर्षं लोक माझ्या हाताचं नाव घेतात. असं काम मला एकदाही जमलेलं नाही.

"असलं रफू..." मी म्हटलं आणि थांबले. "हे सुंदर आहे म्हणू नये ना?"

"म्हणा," काचवाल्या बाई म्हणाल्या. "मी म्हणते. दार बंद असलं की."

मग त्यांनी समजावलं. शहाण्या पेशी एकमेकींना धरून राहतात. धरायला त्यांच्यात एक चिकट पदार्थ असतो. या पेशींचा तोच हरवलेला. म्हणून घोळका करता येत नाही, एकेकट्या निघतात आणि जिथे फट मिळेल तिथून आत शिरतात. "आणि आता हे बघा." त्यांनी दुसरी काच लावली. तेच कापड, तीच ओळ, पण आता ओळीतला प्रत्येक ठिपका गडद तपकिरी. एकही सुटलेला नव्हता.

"हा रंग फक्त हार्मोन ओळखणाऱ्यांना लागतो. तुमच्या जवळजवळ सगळ्या लागल्यात. अंगात हार्मोन आलं की या ते घेतात आणि वाढतात."

"गोळीतलं आलं तरी?"

"त्यांना काय कळतंय कुठून आलं."

"बारा वर्षं आलं तर?"

त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. मीही काढला. 

"म्हणजे मीच पोसल्या," मी म्हटलं.

"असं माझ्या काचेवर लिहिलेलं नसतं," त्या म्हणाल्या. "गोळ्या न घेणाऱ्यांनाही हा होतो. घेणाऱ्या बहुतेकींना होत नाही. वय असतं, इतक्या वर्षांचं हार्मोन असतं, मूल कधी झालं ते असतं, आणि काही वेळा काहीच कारण सापडत नाही. कोणाचा वाटा किती, ते मलाही सांगता येणार नाही आणि कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण पुढचं औषध कुठलं, ते तुमच्या खऱ्या माहितीवर ठरतं. ते वर जाऊन सांगा."

मी परत एकदा डोळा लावला. तपकिरी ओळ तिथेच होती, शांत. माझ्या आईने कारकुनाला फसवलं, मी सासरला फसवलं, नवऱ्याला फसवलं, पोटच्या पोरांना फसवलं. कागद, शिक्का, कार्ड, सगळे माझ्या बाजूने. पण या इवल्याशा जिवांना कोणी तो कागद वाचून दाखवला नव्हता. पोटातली ती दोन सुकलेली अंडाशयंसुद्धा बरोबर आपल्या वेळेवर थांबली होती, एक दिवस इकडे नाही, एक दिवस तिकडे नाही. मी गोळ्या खाऊन पाळीचं सोंग आणत होते, आणि आत माझं अंग गुपचूप त्रेसष्ट वर्षं जगत होतं, एकही वर्ष न वगळता. मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती वेगळीच गोष्ट. देवळात न जाणाऱ्या माणसाला चुकून गाभारा दिसावा तशी मी त्या खुर्चीवर बसून राहिले. हात आपोआप जोडले गेले. काचवाल्या बाईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

वर आले. डॉक्टरीणबाई आत होती, वन्संही परत खुर्चीत येऊन बसलेल्या.

"वन्सं, जरा बाहेर बसा," मी म्हटलं.

"का?"

"बाईंशी बोलायचंय."

"माझ्यासमोर बोल. काय असेल ते मला कळायला नको? मी मोठी आहे."

आणि ते निघून गेलं. ठरवून नाही. "नाही आहात," मी म्हटलं.

"काय नाही?"

"मोठ्या. तुम्ही मोठ्या नाही आहात, वन्सं. मी तुमच्याहून तीन वर्षांनी मोठी आहे. त्रेसष्ट." मग मी डॉक्टरीणबाईकडे वळले, कारण वन्संच्या तोंडाकडे बघून पुढचं बोलता आलं नसतं. "पाळी एक्कावन्नला गेली. त्यानंतर बारा वर्षं हार्मोनच्या गोळ्या घेतेय, दिसतं ते रक्त गोळ्यांचं आहे. पहिलं मूल तेहतीसला. तुम्ही जी बोटं मिटलीत ना, त्यातली तीन माझी."

 डॉक्टरीणबाईने माझ्यावर चिडायला हवं होतं. तिने आधी सोनोग्राफीचा कागद पाहिला, मग रक्ताचा, आणि तिच्या चेहऱ्यावर तसा उजेड आला जसा मुलाला गणित सुटल्यावर येतो. "आता जुळलं," ती म्हणाली. "सगळं जुळलं." तिने 'अंडाशय काढणे' या ओळीवर एक सरळ रेघ मारली. "याची गरज नाही. त्या गोळ्या आजपासून बंद, एकही नाही. वाफा येतील, त्याचं बघू. छातीचं ऑपरेशन, आणि मग ती दुसरी गोळी. तिने हाडं थोडी कमजोर होतात, म्हणून हाडंही तपासू. आधी सांगितलं असतंत तर..."

"तर तुम्हाला काय मजा आली असती," मी म्हटलं. ती हसली.  पोटावरचं एक ऑपरेशन नुसत्या बोलण्याने रद्द झालं होतं.

 जिना उतरलो, रस्ता ओलांडला, दुकानापर्यंत चालत आलो. वन्सं दुकानाच्या पायरीशी थांबल्या. "माझ्या भावाला माहीत होतं?"

"नाही."

"बरं झालं. त्याच्या पोटात काही राहायचं नाही." मग बराच वेळ कुलपाशी झटापट केली आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बत्तीस वर्षं पहिली बादली मी घेतली. आणि तू घेऊ दिलीस."

"कागदाने घेऊ दिली."

"कागदाबरोबर राहत होते का मी बत्तीस वर्षं? तुला बोलायला तोंड नव्हतं? गिऱ्हाइकांसमोर तर कैचीसारखं चालतं."

 पुढचे चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. गल्ल्यावर बसायच्या, पावत्या फाडायच्या, माझ्याकडे कपडा सरकवायच्या. मला काय हाक मारावी हे त्यांना कळत नव्हतं. अगं म्हणवत नव्हतं आणि अहो म्हणायला जीभ वळत नव्हती. इकडे गोळ्या बंद होऊन वाफा सुरू झाल्या. सुई हातात असताना घाम यायचा आणि मी तोंडावर पुठ्ठा हलवत बसायचे. पाचव्या दिवशी एक टेबलफॅन माझ्या कामाच्या जागेकडे तोंड करून ठेवलेला दिसला. कोणी ठेवला ते विचारलं नाही. मुलाला आणि सुनेला मी स्वतःच सांगितलं. मुलगा तोंड उघडं टाकून बसला. सून म्हणाली, "तरीच! मी म्हणतच होते, चौपन्नच्या बाईला इतकं कसं माहीत असतं." शहाणी आहे, म्हटलं ना.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दवाखान्यात भरती व्हायला गेलो. मुलगा गाडी लावायला गेला, वन्सं माझी पिशवी धरून बाजूला. खिडकीत एक कारकून, तरुण, चष्मेवाला. मी कार्ड दिलं. तो मान खाली घालून लिहायला लागला. "वय चौपन्न."

"त्रेसष्ट," मी म्हटलं. पहिल्यांदाच अनोळखी माणसासमोर. आवाज मलाच परका वाटला.

"कार्डावर चौपन्न आहे."

"कार्ड चुकलंय."

"मग बदलून आणावं लागेल. मी कार्डावरचंच लिहिणार. भूल देतात ते वय बघूनच औषध मोजतात, मी मनाने कसं लिहू?"

"म्हणून तर सांगतेय."

"आजी, पुरावा काय?"

पुरावा काय असणार? आई गेलेली, दाखला हरवलेला, बत्तीस वर्षांचा शिक्का माझ्याविरुद्ध.  एवढं सगळं करून मी परत त्याच कारकुनासमोर येऊन पोचले होते, आणि या वेळी खरं बोलत होते तर मला कोणी ऐकत नव्हतं.

तेवढ्यात पिशवी जमिनीवर आदळली. वन्सं खिडकीत घुसल्या. "पुरावा मी आहे," त्या म्हणाल्या. "मी साठ वर्षांची आहे, हे बघ माझं कार्ड, यात चूक नाही. आणि ही माझी भावजय. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे. समजलं?"

"पण बाई, तुम्ही..."

"पण काय? वर बघ आधी! मान वर करून बघ हिच्याकडे. ही चौपन्नची दिसते तुला?"

कारकुनाने मान वर केली. चांगलं दोन-तीन क्षण बघितलं. मला इतकं बारकाईने कोणी कधी बघितलं नसेल. मी खांदे मागे घेतले, पांढरे केस होते तसे राहू दिले.

"नाही दिसत," तो म्हणाला.

"मग?"

त्याने फोन उचलला, वर डॉक्टरीणबाईंना विचारलं, मान हलवली, आणि जुना आकडा खोडून शेजारी नवा लिहिला, खाली सही केली. त्या दोन आकड्यांकडे मी बघत राहिले.  माझ्याच अंगाला इतकी वर्षं माहीत असलेली गोष्ट आता पहिल्यांदा बाहेर, उजेडात, शाईत आली होती, आणि ती आणणारी कोण, तर जगात जिच्यापासून मी ती सगळ्यात जास्त लपवली ती बाई.

नर्स चाकाची खुर्ची घेऊन आली. मी बसले. वन्सं पिशवी उचलून मागोमाग निघाल्या.

"वन्सं, तुम्ही घरी जा आता. वेळ लागेल. दुकान उघडायचंय."

"मोठ्यांचं ऐकायची सवय नाही मला," त्या म्हणाल्या, आणि नर्सला बाजूला करून खुर्ची स्वतः ढकलायला लागल्या.